पिल्लाचा पंजा

जून २४

जेवण झालं की इथे सगळे माना खाली घालून लिहायला बसतात. प्रोफेसर ऑर्डवे लिहितात, त्यांची विद्यार्थिनी ब्रिन लिहिते. मी आपला स्टोव्हकडे बघत बसायचो. काल ब्रिनने एक कोरी वही माझ्यापुढे सरकवली. म्हणाली, "तूही लिही काहीतरी. नुसता पाय हलवत बसतोस, टेबल हलतं." म्हणून हे. शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच लिहितोय. कुणी वाचू नये.

मी टेरेंटी, सील बेटाचा. डच हार्बरला खेकड्यांच्या कारखान्यात होतो, तिथे मुकादमाशी वाजलं. त्याआधी एका बोटीवर होतो, तिथे कंटाळलो. हा कुठे टिकत नाही असं फेवरोनिया मावशीचं मत आहे, माझंही तेच आहे. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. लग्न होऊन इकडच्या बेटांवर आली, आता गावच्या पंचायतीत बसते. हे गुहेचं बेट तिच्या गावाच्या अखत्यारीत येतं. प्रोफेसरांनी खणायची परवानगी मागितली तेव्हा पंचायतीने सांगितलं, आमचा एक माणूस तुमच्याबरोबर राहील. काय निघालं ते रोज संध्याकाळी रेडिओवर कळवेल. माणसाचं हाड दिसलं तर आहे तसं झाकायचं आणि काम बंद. ते माणसाचं की नाही हे आमचा माणूस ठरवेल.

गावातून कुणी यायला तयार होईना. जुन्या लोकांनी आपली गेलेली माणसं अशा गुहांमध्ये ठेवली आहेत, वाळवून, गवताच्या चटईत गुंडाळून. जवळ गेलं की अंगाला काहीतरी लागतं म्हणतात. मावशी मला म्हणाली, "तू जा. तुला काही माहीत नाही, म्हणून भीतीही नाही."

मला वाटलं कौतुक करतेय. आता तसं खात्रीने म्हणवत नाही.

जून २७

धुकं. हात लांब केला तर बोटं दिसतात, तेवढंच. गुहेच्या तोंडाशी बसून दिवसभर माती चाळली. शिंपले, पक्ष्यांची हाडं, काटेरी समुद्री प्राण्यांची टरफलं, पुन्हा शिंपले. त्या लोकांनी काय खाल्लं ते आम्ही मोजतोय. मी काय खाल्लं ते कुणी मोजत नाही. रोज डब्यातला वाटाणा.

संध्याकाळी रेडिओ. या पट्ट्यावर आसपासच्या सगळ्या बोटी कान लावून बसलेल्या असतात, कारण दुसरी करमणूक नाही.

"टेरेंटी, जेवलास का? ओव्हर."

"जेवलो मावशी. ओव्हर."

"माणसाचं? ओव्हर."

"नाही. शिंपले. ओव्हर."

मध्येच कुणीतरी बोटीवरून म्हणाला, "मावशी, माझ्या बोटीवर सगळी हाडंच उरलीत, अंगावर मांस नाही. मोजायला पाठवू का पोराला?"

"तू कोण ते मला आवाजावरून कळलंय, मकारी," मावशी म्हणाली. "रविवारी चर्चमध्ये ये, तिथे मोजते."

मकारीकाका म्हणजे ज्यांच्या बोटीने आम्ही आलो ते. आमचं सामान तेच आणतात.

जुलै २

आज चाळणीत एक जबडा आला. प्रोफेसर म्हणाले समुद्री सिंहाचा असेल. मी म्हटलं नाही, केसाळ सीलचा, मादी, म्हातारी. त्यांनी पुस्तक काढलं, पानं उलटली, आणि माझ्या खांद्यावर थाप मारली. "टेरी, तू आमचा हाडवैद्य!"

मला कुणी आजवर कसलाही वैद्य म्हटलेलं नाही. आमच्या बेटावर कातड्यांसाठी सील मारणं बंद व्हायच्या आधी मी दोन हंगाम कातडी सोलायला होतो. सरकारने बंद केलं, मग त्या कामात हात बसलेली पोरं काय करणार, खेकडे फोडायला गेली. इथे पहिल्यांदा त्याचा उपयोग होतोय. प्रोफेसर आता प्रत्येक हाड आधी मला दाखवतात. ब्रिन हाडंच शिकतेय कॉलेजात, पण तिला नंतर दाखवतात.  तिला वाईट वाटत असेल.

मजा येतेय. हे लिहायला विचित्र वाटतं.

जुलै ८

आज मोठा दिवस. नीट लिहितो.

गुहेच्या आतल्या भिंतीला देवमाशाची एक रुंद बरगडी आडवी टेकवलेली होती. प्रोफेसर सकाळपासून तिथेच होते. दुपारी त्यांनी हाक मारली, "टेरी! चाळण राहू दे, इकडे ये." गेलो. बरगडीखाली जुनं गवत, चहापत्तीसारखं झालेलं, आणि त्यात बारीक हाडं, ओळीने.

ब्रिन माझ्या मागे उभी होती. तिने श्वास आत ओढल्याचं ऐकू आलं. "प्रोफेसर, हे तर..."

"ब्रिन, तंबूतून कॅमेरा आण."

"कॅमेरा इथेच आहे."

"मग दुसरी फिल्म आण."

ती गेली. प्रोफेसरांनी त्यांचं बोलणं टिपायचं यंत्र चालू करून दगडावर ठेवलं. "घाई नाही. मला तुझं मत हवं. मी काही सुचवणार नाही."

मी वाकून बघितलं. बॅटरीच्या उजेडात हाडं पिवळट दिसत होती, लहान, एकाला एक लागून. खरं सांगतो, मला एकदम भूक लागली. घरी सीलचे पंजे आंबवून बरणीत ठेवतात. वास असा की बाहेरचा माणूस दारातून परत जाईल. आम्ही पोरं एकेक हाड चोखून टेबलाच्या कडेला ओळीने मांडायचो, कुणाची ओळ लांब. अगदी तशी ओळ होती ती.

"सीलचा पंजा," मी म्हटलं. "पिल्लाचा."

"नक्की?"

"हेच खाऊन मोठा झालोय."

प्रोफेसर हसले. मग यंत्राजवळ तोंड नेऊन हळू, स्पष्ट म्हणाले, "गावाच्या प्रतिनिधीने हाड सीलच्या पिल्लाचं असल्याचं ओळखलं." प्रतिनिधी म्हणजे मी.

ब्रिन फिल्म घेऊन आली तेव्हा यंत्र बंद झालं होतं. रात्रीचं ती जेवली नाही. पोटात दुखतंय म्हणाली.

रेडिओवर सांगितलं. "माणसाचं? ओव्हर."

"नाही मावशी. सीलच्या पिल्लाचा पंजा. ओव्हर."

"पिल्लाचा? गुहेच्या आत? ओव्हर."

"कुणी खाल्ला असेल. ओव्हर."

तिने माझ्याकडून ते पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. मग, "बरं. तू बघितलंस ना? मग बरं. ओव्हर."

जुलै १०

काही कळत नाही.

पंजा निघाला तिथे प्रोफेसर एकटेच काम करतात. ब्रश, चमचा, कापूस. तिथली माती माझ्याकडे चाळायला येत नाही. मला सारखं पाणी आणायला पाठवतात. ओढा लांब खाली आहे, आणि तंबूत पाणी आधीच भरपूर असतं. सगळं गुंडाळून एका लाकडी पेटीत ठेवलं. सीलच्या पंजाला एवढा कापूस? सोलायच्या दिवसांत आम्ही ते फावड्याने ढकलायचो.

पाणी घेऊन वर येताना दोघांचं भांडण ऐकलं. मी थांबलो. ऐकायला नव्हे, बादली जड होती म्हणून.

"त्याला कशाला विचारलंत?" ब्रिन म्हणत होती. "तुम्हाला दिसत नव्हतं?"

"करारात लिहिलंय, तो ठरवेल. मी करार पाळला."

"तो ओळखणार नाही हे तुम्हाला माहीत होतं."

माझं डोकंच फिरलं. मी ओळखणार नाही? मी? ती बाई आयुष्यात एका सीलला हात न लावलेली. प्रोफेसर निदान माझ्या बाजूने बोलत होते. मी बादली आपटली, अर्धं पाणी सांडलं, परत खाली जावं लागलं.

जुलै १२

आज आमच्या बेटावर पीटर-पॉल या संतांचा सण. सकाळी घंटा, मग सगळं गाव एकमेकांच्या घरी, मासा भरून भाजलेली पोळी, तळलेली भाकरी, म्हातारे लोक गाणार. मी इथे दगडावर बसून वाटाणा खातोय.

ब्रिन येऊन शेजारी बसली. मी वाटाणा खात राहिलो.

"सण आहे ना आज तुमचा?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तूच. पहिल्या आठवड्यात. तू खूप बोलायचास तेव्हा."

मग तिने माझा हात घेतला. खरंच घेतला, तिच्या मांडीवर ठेवला, आणि एकेक बोट दाबत गेली, पेरं शोधल्यासारखी. माझा चेहरा लाल झाला असणार. मला वाटलं, अच्छा, म्हणजे त्या दिवशीचं भांडण असं होतं. डच हार्बरला अशा गोष्टी इतक्या हळू होत नाहीत.

"सीलच्या पुढच्या पंजात सगळ्यात लांब बोट कुठलं?" तिने विचारलं.

हा कसला प्रश्न. "पहिलं. कडेचं. तेच लांब आणि जाड. मग कमी कमी होत जातं."

"आणि तुझ्या हातात पहिलं बोट कसं आहे?"

"आखूड. अंगठा आहे तो."

ती माझ्याकडे बघत राहिली. डोळ्यांत पाणी होतं. मग हात सोडला आणि तंबूत गेली.

आता मी इथे बसून ती ओळ आठवतोय. ओळीच्या टोकाला एक आखूड हाड होतं, जरा बाजूला, वेगळं पडलेलं. मला तेव्हा वाटलं, निसटलं असेल.

निसटलंच असेल.

जुलै १३

रेडिओवर गेलो नाही. प्रोफेसरांना सांगितलं, डोकं दुखतंय. ते म्हणाले, मी सांगतो त्यांना, हवा खराब होती म्हणून. हवा चांगली होती.

दुपारी त्यांच्याकडे गेलो होतो. म्हटलं, तो पंजा परत बघायचाय. ते म्हणाले, पेटी बंद केली, मेणाने लावली, परवा बोटीने जाईल.

"मला वाटतं मी चुकलो," मी म्हटलं.

त्यांनी मला खुर्ची दिली. स्वतः उभे राहिले. "बघ टेरी. चूक कुणाचीही होते. विद्यापीठात नीट तपासतील, तिथे काय ते कळेल. आत्ता तू गोंधळ केलास तर पंचायत म्हणेल, आमच्या माणसाने आमचंच माणूस उपसायला लावलं. तुझा आवाज त्या टेपवर आहे. मला तुला अडचणीत आणायचं नाहीये."

आवाज किती मायेचा होता. माझे वडील असं कधी बोलले नाहीत. मी आभार मानले. बाहेर आलो आणि भरलेली बादली घेऊन परत ओढ्यावर गेलो.

मला हे समजत नाही. माणूस एवढा चांगला वागतो आणि मला त्याच्यापासून पळावंसं का वाटतं?  मावशीला सांगितलं तर ती माझं तोंड बघणार नाही. आई गेल्यापासून माझं तोंड बघायला तीच एक आहे. नाही सांगितलं तर परवा ते मूल बोटीत बसून जाईल, आणि त्याचं नाव काय पडणार तर पिल्लू, कारण मी म्हटलं म्हणून.

मूल. लिहिलं बघ.

जुलै १४

सांगितलं.

प्रोफेसर गुहेत होते. मी नेहमीच्या वेळेआधीच रेडिओ लावला. मावशी लगेच आली, बहुतेक कालपासून तिथेच बसलेली होती.

"टेरेंटी? हवा कशी आहे? ओव्हर."

"मावशी, माणसाचं. ओव्हर."

सगळ्या बोटी ऐकत होत्या.  

"केवढं? ओव्हर."

"लहान. तान्हं असेल. तो पंजा म्हटला ना मी, तो हात होता. ओव्हर."

"तुला आधी कुणी विचारलं? ओव्हर."

"प्रोफेसरांनी. ओव्हर."

"ते स्वतः काय म्हणाले? ओव्हर."

"काहीच नाही. म्हणाले, मी सुचवणार नाही. ओव्हर."

"हं," मावशी म्हणाली. ओव्हर म्हणायची विसरली. मग म्हणाली, "आता कुठे आहे ते?"

"पेटीत. कापसात. परवा जाणार. उद्या. मावशी, मी..."

"रडू नको, सगळे ऐकतायत. पेटी जवळ ठेव. मी येते. मकारी, ऐकतोयस ना?"

"बोट तयार करतो," काका म्हणाले. नेहमीसारखं काही चिकटवलं नाही पुढे.

पेटी तंबूत होती. मी ती उचलून बाहेर आणली आणि तिच्यावर बसलो. मग लक्षात आलं आपण कशावर बसलोय, ताडकन उठलो. उभा राहिलो तर कुणी नेईल असं वाटायला लागलं. शेवटी मांडीवर घेतली. हलकी होती. इतकी की आत काही आहे का अशी शंका यावी.

प्रोफेसर आले, पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हे विद्यापीठाचं आहे, टेरी."

"मावशी येतेय."

"तुला कळतंय का, तू स्वतःचंच नुकसान करतोयस?"

"नाही कळत," मी म्हटलं. खरंच कळत नव्हतं.

ब्रिन तिच्या तंबूतून आली आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसली.  प्रोफेसर चहा ठेवायला गेले. दोनच कप आणले, त्यातला एक मला दिला.

जुलै १५

बोट आली नाही. लाटा. प्रोफेसर सकाळी येऊन म्हणाले, "मी पंचायतीला पत्र लिहीन. चूक तुझी होती, पण तू ती प्रामाणिकपणे केलीस असं स्पष्ट लिहीन." माझी बाजूच घेतली म्हणायची. मी मान हलवली.

दिवसभर त्या वाक्याचा विचार करतोय. वाक्यात खोटं काही नाही. मग राग कसला येतोय? ब्रिनला विचारलं. ती म्हणाली, "तुझा राग बरोबर आहे, टेरी. तो ठेव." ठेव म्हणजे कुठे?

पेटी माझ्या तंबूत आहे. कोपऱ्यात ठेवली, तिथे गळतंय असं वाटलं. उशाशी ठेवली, ते बरं वाटेना. आता पुन्हा मांडीवर आहे आणि तिच्यावरच वही ठेवून लिहितोय. तिचा कागदाला वास लागतोय, जुन्या गवताचा. वाईट नाही.

जुलै १७

मावशी आली. मकारीकाकांनी तिला छोट्या होडीतून किनाऱ्यावर आणलं. उतरताना घोट्यापर्यंत भिजली आणि काकांना शिव्या दिल्या, काका म्हणाले, "समुद्र मी नाही केला, बाई."

मला वाटलं मारेल. तिने माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "वाळलास. वाटाणा देतात का तुला?"

प्रोफेसर पुढे आले, हात पुढे केला. तिने तो हातात घेतला, जरा वेळ धरला. "तुम्ही शिकलेले," ती म्हणाली. "तुमच्या डोळ्यांना चष्मापण आहे." एवढंच. हात सोडून पुढे गेली. प्रोफेसरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चष्म्याचं काय आलं त्यात, मला कळलं नाही.

गुहेत आम्ही दोघंच गेलो. ब्रिनने कुठलं हाड कुठे होतं त्याची चित्रं दिली, ती दारातच थांबली. मावशीने मेण नखाने उकरलं. पेटी उघडली, कापूस बाजूला केला.

"आपल्याकडे तान्हं गेलं की आई लगेच सोडायची नाही," ती म्हणाली. "लहान पेटी करायची, घरात जवळ ठेवायची. रोज पुसायची, सारखं करायची. मन झालं की मग इथे आणायची, कोरड्या जागी. माझ्या आजीने सांगितलेलं."

 तीन दिवसांत माझ्या मांडीला त्या पेटीचा आकार आलेला होता.

चित्रं बघून आम्ही सगळं परत ठेवलं. अंगठ्याचं मी ठेवलं. नवीन चटई मावशीने घरून विणून आणलेली होती, अजून हिरवी. ती मऊ आवाजात आपल्या भाषेत काहीतरी बोलत होती. मला त्यातलं अर्धं कळलं. झोपताना पोरांना म्हणतात तसलं होतं.

मग म्हणाली, "आता तू बोल त्याच्याशी."

"मी? काय?"

"कोण आहेस ते सांग. न सांगता घरात शिरलास. आता तरी सांग."

"मला एवढी येत नाही आपली भाषा."

"जेवढी येते तेवढी."

मी गुडघ्यावर बसलो. माझं नाव सांगितलं. आईचं सांगितलं, अनफिसा. आजीचं सांगितलं. सील बेटावर राहतो, सांगितलं. मग थांबलो.

"त्याआधी?" मावशी म्हणाली. "ते बेट काय आपलं नव्हे. रशियनांनी सील मारायला माणसं उचलून तिथे नेली. कुठून नेली?"

"कुठून?"

"मी तुला विचारतेय."

"मला कसं माहीत असणार? तुला माहीत आहे?"

"नाही," ती म्हणाली. "माझ्या आजीलाही नव्हतं."

"इथूनच नेली असली तर?"

तिने खांदे उडवले आणि चटईची कड सारखी करत राहिली. बाहेर मकारीकाका कुणाला तरी ओरडून दोर धरायला सांगत होते. ते मूल तिथे होतं आणि मी काही बोलायची वाट बघत होतं, असं मला वाटलं. शेवटी मी मावशीला विचारलं, आपल्या भाषेत 'माहीत नाही' कसं म्हणायचं.

तिने सांगितलं. अवघड होतं, घशातून यायला हवं. मी ते त्याला म्हणून दाखवलं. मावशी म्हणाली, परत, नीट. मी परत म्हटलं, आणि चटई वर ओढली.